चकचकीत स्क्रीनचा मॉनिटर

ढापण्या,

मी कामावर निघालेय. मॉनिटर परत करायचा नाही. रिकामा खोका माळ्यावर टाकलाय, तो काढत बसू नकोस.

काल मी तुला नको नको ते बोलले. पण कुणीही बोललं असतं रे! दिवसभर घरांचे नकाशे काढायचे, संध्याकाळी आईला सिनेमा लावून द्यायचा, पाठीमागे एवढी मोठी खिडकी, आणि हा शहाणा आरशासारखी चकचकीत स्क्रीन घेऊन येतो! विचारलं तर म्हणे, "रंग छान दिसतात." नकाशाला कसले डोंबलाचे रंग?

त्यात हा मॉनिटर आल्यापासून तू मागे वळून आईकडे बघतही नाहीस. तेच मला जास्त लागलं होतं.

आज सकाळी टेबल पुसताना तुझ्या खुर्चीत टेकले. स्क्रीनवर तुझा काळ्या पार्श्वभूमीवरचा नकाशा उघडाच होता. त्यात मागची खाट दिसली. आईनं कूस बदलली, तीही दिसली. ती पडल्यापासून तू सारखा वळून बघायचास आणि ती खेकसायची, "पहारा कसला देतोस माझ्यावर?" सगळा उलगडा झाला.

तुझ्या खुर्चीतून तिचे नुसते पाय दिसत होते, म्हणून खाट थोडी सरकवली. आईला सांगितलं, ऊन लागतं म्हणून.

तर म्हणाली, "अजून जरा सरकव. इथून मला त्याचं तोंड अर्धंच दिसतं."

ताई