राणीच्या दागिन्यांचा गोंद

आई, आज इडलीच्या भांड्यात मणी वाफवायला ठेवले. वरच्या ताटलीत काचेचे लाल-हिरवे, खालच्या ताटलीत खोटे मोती, एका खळग्यात एकच रंग, तुझ्या शिस्तीप्रमाणे. लेक सिरुसेरीला ऑफिसात जायच्या गडबडीत होती. तिनं झाकण उचललं, आत डोकावून पाहिलं आणि ब्रेड काढून घेतला. तिला आता माझ्या कशाचंच नवल वाटत नाही.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. तू माझ्या लग्नात दिलीस ती लाकडी राजाराणीची जोडी आता तिच्याबरोबर जायची. नवरात्रात ती नव्या घरी पायऱ्या मांडून कोलू बसवील, तेव्हा सगळ्या बाहुल्यांच्या वर ही दोघं उभी राहतील. तू गेल्यापासून मी त्यांचे दागिने उतरवलेच नव्हते. तू शेवटचं इथे येऊन सजवलंस, तशीच दरवर्षी मांडत आले. पण गोंद इतका पिवळा पडलाय की राणीला कावीळ झाल्यासारखी वाटते, आणि अशी तिला सासरी कशी धाडायची? बाजारात नवे मणी ढिगानं मिळतात, पण मला तुझेच हवे होते. तुझ्या हातचं लेकीला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. म्हणून मणी चिकटवलेल्या जुन्या पट्ट्या कापडासकट कातरून वाफेवर ठेवल्या आणि देवाचं नाव घेतलं.

दसऱ्यानंतरचं तुझं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू जमिनीवर बसली आहेस, राजाराणी तुझ्या मांडीवर उघडीबोडकी पडलेली, आणि वाफेनं डिंक मऊ झाला की तू एकेक मणी चिमटीत धरून पंच्याला पुसतेस. एकदा अप्पांच्या इडलीत हिरवा मणी निघाला. त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आज मटार घातलीस की काय?" तू महिनाभर ते भांडं त्यांच्यासमोर आणलं नाहीस.

त्याच सुमारास मी कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणली होती. मला वाटलं, तू खूश होशील. तू नळी उलटसुलट करून पाहिलीस. "हे कशाला गे आणलीस? हे पुढच्या वर्षी काढाला येत नाही."

"पण लगेच चिकटतं ना."

"राणीला जन्मभर एकच माळ घालतेस? तू घालशील का? डिंकच लावायचा. थोडी पोरुमै ठेव, कण्णा."

कण्णा म्हणून लाडावलंस खरं, पण पोरुमै म्हणजे धीर, आणि तो माझ्याकडे कधीच नव्हता. नळी केराच्या डब्यात गेली.

आज झाकण काढलं तर एकही मणी सुटलेला नाही. आणखी वाफ दिली, तरी ढिम्म. मग चष्मा लावून मोती उलटा केला. खाली पिवळा पडलेला, पण काचेसारखा कडक गोंद. आई, तो डिंक नव्हता. तो तसल्याच नळीतला होता.

मी आधी इतकी हसले की खुर्चीवर बसावं लागलं. मग तुझं शेवटचं नवरात्र आठवलं. कॉफीचा पेला वाटीत नुसता खडखडायचा, इतके तुझे हात थरथरत. डिंक सुकेपर्यंत मणी दाबून धरावा लागतो, तो तू कसा धरणार होतीस? त्या वर्षी तू मला मदतीला घेतलं नाहीस. "सांगेपर्यंत येऊ नको," म्हणालीस आणि दार लावून घेतलंस. मला राग आला होता. आज रडू आलं.

मग कामाला लागले. काचेचे मणी नेलपॉलिश काढायच्या द्रावणात टाकले, गोंद विरघळून आला. एक मोतीही टाकून पाहिला, तर त्याचं पॉलिशच उतरलं आणि तो टकला झाला. बाकीचे मोती दुपारपर्यंत साबणाच्या कोमट पाण्यात ठेवले आणि सुईनं हलके सोलून काढले. तेवढा टकला सोडला, तर सगळे वाचले.

संध्याकाळी लेक आली. वाटीतली गोंदाची सालं तिनं बोटानं चाळली.

"अम्मा, हा सुपर ग्लू आहे. आजीच्या बाहुल्यांना कोणी लावला?"

"मी."

"आजीनं पाहिलं असतं तर?"

"घराबाहेर काढलं असतं मला."

"बरोबर केलं असतं," ती म्हणाली, आणि जेवण होईपर्यंत डिंकाचे गुण ऐकवत राहिली, थेट तुझ्या सुरात. हे सगळं तिला मीच शिकवलेलं. मी मान खाली घालून ऐकलं. मला फार बरं वाटलं.

नंतर डिंक भिजवून माळा केल्या, बाजूबंद केले, राजाचा मुकुट केला. सगळं काढता येईल असं. राहिला राणीच्या नाकातला मणी. तो राईएवढा, आणि माझी बोटंही हल्ली स्थिर राहत नाहीत. हे मी अजून कोणाला बोलले नाही. मणी घसरत राहिला. शेवटी लेकीच्या खणातून चपलेसाठी आणलेली नळी घेतली आणि तेवढा एक मणी त्या गोंदानं चिकटवला.

दार आधी लावून घेतलं होतं.