बिनधुराची फायरप्लेस

३ मे, रविवार. संध्याकाळी.

निर्णय झाला. फायरप्लेस गॅसवर करायची. लाकडं बंद.

कारण एकच, ओतिलियाचा खोकला. रोज संध्याकाळी मी निलगिरीची लाकडं रचतो, पेटवतो, ओतिलिया विणकाम घेऊन समोर बसते. मी बोलायला लागलो की धूर सुरू होतो आणि ती खोकत खोकत स्वयंपाकघरात निघून जाते. आजही तेच. सोगामोसो नदीवरच्या पुलाची हकिकत सांगत होतो. मी सर्व्हेयर असताना पुरात तो पूल कसा वाचवला ती. जेमतेम पाणी चढायला लागलं होतं, तेवढ्यात खोकला. लग्नाला चाळीस वर्षं होतील, पण बिचारीला या गोष्टीचा शेवट अजून माहीत नाही.

एकतीस मेला लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी ती माझ्यासमोर निवांत बसून पूर्ण गोष्ट ऐकणार. हीच माझी भेट. तिला सांगितलं, तर म्हणाली, कशाला उगाच खटाटोप, धुराचं मला काही नाही, सवय झालीय. किती सोसते ही बाई.

५ मे.

हिमेनाला काली शहरात फोन केला. मुलीला बातमी कळायला हवी. तिने विचारलं, बाबा, आईला विचारलंत का. मी म्हटलं, ते राहू दे, आधी ज्वलन म्हणजे काय ते समजून घे, आणि समजावायला लागलो. लाइन कट. कालीला रेंज भिकार आहे. ओतिलिया फोन करते तेव्हा मात्र दोघी तासभर बोलतात. तिचा फोन चांगला असणार. तसलाच घ्यायचा.

८ मे. सकाळी १०.

टेक्निशियन आला. विल्मर नाव. दारातच मला ‘डॉक्टर’ म्हणाला. मी दुरुस्ती केली नाही. माणसाची पारख आहे पोराला.

काम सोपं आहे म्हणाला. स्वयंपाकघरातून पाइप आणायचा, बर्नर बसवायचा, त्यावर चिनी मातीचे ओंडके ठेवायचे. शिवाय भिंतीला दोन भोकं, एक वर, एक खाली, जाळी लावून. हवा खेळती पाहिजे, नाहीतर खोलीत विषारी गॅस साठतो. मी मान डोलावली. तो मापं घेत असताना त्याला थोडं पुलाबद्दल सांगितलं. मध्येच तो टेप आणायला गाडीकडे गेला. टेप त्याच्या हातातच होता. दुसरा हवा असेल.

११ मे.

उरलेली लाकडं शेजारच्या सेनायदाबाईंना देऊन टाकली. ओतिलिया स्वतः पोचवायला गेली ती जेवायच्या वेळेलाच परतली. गाल लाल, अंगाला धुराचा वास, खोकला नाही. लाकडं आमचीच. त्यांचं धुराडं बरं असणार. म्हणजे दोष आमच्या फायरप्लेसचाच, गॅसचा निर्णय बरोबर.

१४ मे.

काम झालं. विल्मर आणि त्याच्या जोडीदाराने एका दिवसात उरकलं. ओंडके इतके हुबेहूब की मी एकाची साल सोलायला गेलो.

पण ती भोकं. मोन्सेरातेच्या डोंगरावरचा वारा थेट माझ्या मानेवर. शेकून तापलेल्या अंगाला गार झुळूक लागली की तोंड वाकडं होतं, हे बोगोतात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या मावशीचं झालं होतं. इस्त्री करता करता फ्रिज उघडला आणि गाल जो फिरला तो फिरलाच. विल्मर जाताना बजावून गेला, डॉक्टर, भोकं बुजवू नका, इन्स्पेक्शनच्या आधी नाही आणि नंतरही नाही. मी हो म्हटलं.

१५ मे.

भोकं बुजवली.

खालच्यात वर्तमानपत्रं, वरच्यात माझी जुनी रुआना फाडून. अंगावर पांघरायला तिच्यात काही राहिलं नव्हतं, इथे कामी आली. वर लग्नाचा फोटो टांगला, खाली पुस्तकांचं कपाट सरकवलं. कुणाला शंका येणार नाही. ओतिलिया म्हणाली, अहो, त्याने बुजवू नका म्हणून सांगितलं होतं ना. मी म्हटलं, तो तरुण आहे, त्याची मान अजून धड आहे. तिने विणकाम उचललं आणि आत गेली.

१९ मे.

इन्स्पेक्शनला गॅस कंपनीची एक मुलगी आली. हेल्मेट, हातात यंत्र. मी खुर्ची दिली, कॉफी दिली, पुलाचा विषय काढला. खुर्चीवर बसली नाही. सरळ फोटोपाशी गेली आणि तो उचलला. आजकालच्या मुलींना दुसऱ्याच्या लग्नाचा आदर नाही.

म्हणाली, इतक्या टापटिपीने स्वतःला गुदमरवून घ्यायची तयारी केलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय. टापटीप तिच्याही नजरेत भरली, एवढं समाधान.

मग गॅस सील केला. फायरप्लेसचा नाही, अख्ख्या घराचा. मीटरवर लाल स्टिकर. शेगडी बंद, गीझर बंद. पुढची तारीख अठ्ठावीस.

२१ मे.

गार पाण्याने आंघोळ केली. म्हणजे पाय धुतले.

  ओतिलिया स्वयंपाक आणि आंघोळ सेनायदाबाईंकडे करते. माझं ताट रुमालाखाली झाकून येतं. आज म्हणाली, गॅस येईपर्यंत मी तिकडेच राहते, ऊब आहे. बॅग भरूनच ठेवली होती.

२२ मे.

ना गॅस, ना लाकूड. फायरप्लेससमोर बसलो. सवयीने बोलायला तोंड उघडलं, समोरची खुर्ची रिकामी. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. मी हे सगळं तिच्याचसाठी करतोय आणि तीच घरात नाही.

भोकं मोकळी केली. दोन्ही. तोंड वाकडं झालं तर झालं.

२४ मे.

ओतिलियाला भेटायला शेजारी गेलो. जिन्यातच दोघींचं हसणं ऐकू आलं. इतकी हसते हे मी विसरलो होतो. सेनायदाबाई म्हणाल्या, या, तुम्ही बरे वाट चुकलात. बसलो. म्हटलं, दोघी आहातच, तर आज पुलाची गोष्ट पूर्ण करू. सेनायदाबाईंना दूध उतू जायची आठवण झाली. ओतिलियाला खोकला आला. त्यांचंही धुराडं बिघडलं असणार. गॅस किती निकडीचा आहे ते पुन्हा पटलं.

२८ मे.

पास. हिरवा स्टिकर. तीच मुलगी आली होती, या खेपेला फोटोला हात लावला नाही. ओतिलिया बॅग घेऊन परत आली. आधी अर्धा तास गरम पाण्याखाली उभी राहिली, मग म्हणाली, बरं केलंत. मला हायसं वाटलं.

रविवारची तयारी करतोय. पुलाची गोष्ट आरशासमोर म्हणून पाहिली. पुराचा भाग थोडा वाढवला आहे.

३१ मे.

टाय बांधला. ओतिलियाने प्यायला घट्ट गरम चॉकलेट केलं, आमच्याकडच्या पद्धतीने त्यात चीजचे तुकडे. हिमेनाचा फोन येऊन गेला. मी रिमोट दाबला आणि ज्योत लागली. निळी, मग पिवळी. धुराचं नाव नाही. ओतिलिया समोर बसली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता, छान दिसत होती. तसं सांगितलंही. ती लाजली. मग मी सुरुवात केली.

पाणी चढलं. पुलाच्या पहिल्या खांबाला लागलं. आणि ओतिलिया खोकली.

मी ओंडक्यांकडे पाहिलं. चिनी माती. वाकून वास घेतला. काही नाही. ती पुन्हा खोकली, तोंडावर हात ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे रेडिओ लागला. ती गुणगुणत होती, सेनायदाबाईंना फोन करत होती. एकदाही खोकली नाही.

मी रिमोट दाबून ज्योत विझवली. मग सगळं लख्ख कळलं. इतकी वर्षं मी लाकडांना उगाच दोष दिला. तिला या दिवाणखान्याची हवाच मानवत नाही, आणि स्वयंपाकघराची मानवते.

उद्यापासून माझी खुर्ची स्वयंपाकघरात.