वडिलांचं आडनाव

आबा, लग्नाच्या आधी घाटकोपरच्या आपल्या खोलीत मी तुम्हाला म्हटलं होतं की मी आडनाव बदलणार नाही. तुम्ही मुलुंडच्या कारखान्यातून नुकतेच आला होतात, आई स्टोव्हला पंप मारत होती. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. पहिलीत घालताना तुम्हीच शिकवलं होतं, मास्तरांनी नाव विचारलं की आडनावासकट सांगायचं, मान वर करून. ते ऐकून मास्तरांनी मला दाराजवळ वेगळं बसवलं, हे मी घरी कधी बोलले नाही, तरी तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही हातपाय धुतलेत, भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, "बदल गं. आपलं आडनाव ऐकलं की लोक जात ओळखतात. तुझ्या सासरच्यांनी दीक्षा घेतल्यावर गावाचं नाव लावलंय, कुणाला काय कळत नाय. तुला खोली तरी मिळंल."

मला भाऊ नव्हता. "मग तुमचं नाव कोण लावणार?" मी विचारलं.

"मी वाहिलं तेवढं बास झालं."

तुम्ही चिडला असतात तर मी भांडले असते. पण तुमच्या तोंडावर सुटल्याचं समाधान होतं, आणि त्याचाच मला राग आला. अजून येतो.

खोली मिळाली, नाहूरला. मालकीणबाईंनी यांचं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि किल्ली दिली. महिन्याभरात तुम्ही आलात, तेव्हा मी शाळेत शिकवायला गेले होते. परतल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कोणी म्हातारे आलेले. आडनाव विचारलं तर म्हणाले, गावाकडचा माणूस आहे, सहज आलो. पाणी पण नाही घेतलं." दाराशी सुक्या बोंबलाची पुडी होती. ती हातात घेतली आणि मला कळून चुकलं, तुम्ही इथे परत यायचे नाहीत. आला नाहीतच. मी घाटकोपरला आले की 'खोली बरी आहे ना' एवढंच विचारायचात. माझ्या दारात बाप म्हणून तुम्ही एकदाही उभे राहिला नाहीत आणि मग गेलातच. एवढ्या वर्षांत त्याला काही उतारा सापडला नाही, आता सापडेल असंही वाटत नाही.

आता तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. काल ती सासरच्यांना ठणकावून आली, आडनाव बदलणार नाही म्हणून. बापजाद्यांचं नाव आहे, कशाला सोडू, म्हणते. आपण ज्या नावाआड लपलो त्याच्यासाठी पोरगी भांडतेय, आणि तुमचं आडनाव मी तिला कधी सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, घरात कुणी वाचायला नको. रात्री जेवताना तिनं विचारलं, "आई, तू तुझं का सोडलंस गं?" मी म्हटलं, तेव्हा तशी पद्धतच होती. तिला ते पटलं.