पायांची हजेरी

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा.
कलबुर्गीच्या बसने मैत्रेयीचं पार्सल आलं. आलेल्या वस्तू: मज्जासंस्थेचा भिंतीवरचा तक्ता एक, रु. १४०. मऊ रबराची चप्पल, एक जोड, रु. ६५०. शुगरच्या गोळ्या, दोन महिन्यांच्या, रु. ३१२. कंडक्टरला चहापाणी रु. २०.
पोरगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पण चिठ्ठी मोठ्या डॉक्टरणीसारखी. "आई, तक्त्यात पाय बघ. रोज आरशात तळवे बघ. गोळी पूर्ण घे, अर्धी नको. चप्पल घरातपण घाल."
साडेसहाशेची चप्पल घरात घालणारी बाई अख्ख्या कमलनगरात नसेल. खोक्यासकट कपाटात वर ठेवली. विजयादशमीला काढीन. गोळ्या अर्ध्या केल्या तर चार महिने जातात.
आजपासून वर्षावास. तीन महिन्यांचे संकल्प: बिनसाखरेचा चहा. पहाटे चालणं. रोज एक तास ध्यान. तक्ता पाठ.

११ जुलै.
चहात साखर, पण कमी. चालणं झालं नाही, रस्त्यात चिखल.

१३ जुलै, रविवार.
तक्ता लावला. माणूस उभा, कातडी नाही, अंगभर पिवळ्या दोऱ्या. मॅट्रिकला विज्ञानात माझे ६१ होते, त्यामुळे अवघड काही वाटलं नाही. कवटीत मेंदू. तिथून मणक्यातून खाली मज्जारज्जू. मज्जारज्जूतून तंतूंच्या एकतीस जोड्या निघतात आणि अंगभर जातात. काही तंतू बातमी वर नेतात, काही हुकूम खाली आणतात.
हे तीस वर्षं वीजखात्यात लाईनमन होते. तक्ता बघून म्हणाले, "हे तर आमचंच की! वर सबस्टेशन, पाठीत मेन लाईन, बोटापातूर सर्व्हिस वायर." मग पायावर बोट ठेवलं. सगळ्यात लांबची लाईन हीच. लाईन लांब तितकं शेवटच्या घराला व्होल्टेज कमी, आधी तिथलाच बल्ब जातो. "आन जाताना आवाज करत न्हाई," म्हणाले.
माणसाच्या देहाला खांब-तारांची उपमा देऊ नये, असं मी सांगितलं.

२१ जुलै, सोमवार.
ध्यान उत्तम. विपश्यनेच्या शिबिरात शिकवलं तसं डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवते. कपाळ, खांदे, पोट, गुडघे, सगळीकडे काही ना काही जाणवतं. घोट्याच्या खाली मात्र शांत. गेल्या वर्षी तिथे मुंग्या होत्या, जळजळ होती, झोप लागत नव्हती. आता काहीच नाही. मी काय ते समजले. आसक्ती सुटायला लागली आहे, आणि पायांपासून सुरुवात झाली आहे. एकाच शिबिरात एवढी प्रगती.
कुणाला सांगितलं नाही, अहंकार नको. फक्त शेजारच्या चांगुणाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग वर कवा सरकायलंय ते? तोंडापातूर आलं की सांग बाई, गल्लीला जरा आराम."

२ ऑगस्ट, शनिवार.
प्रगतीची नोंद हवी. हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली. डोळे मिटून एकेका बोटाला सुईचं टोक लावायचं.
उजवा पाय: अंगठा हजर. दुसरं हजर. तिसरं उशिरा. चौथं आणि करंगळी गैरहजर.
डावा पाय: अंगठा उशिरा. बाकी चौघं गैरहजर.
आनंद झाला. आनंद झाला म्हणून लगेच वाईट वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा.
विहारात खीर. दोन वाट्या घेतल्या. दान नाकारलं तर देणाऱ्याचा अपमान.
घरी आले तर डाव्या पायात चप्पल नाही. (जुनी. कपाटातली नव्हे.) मन किती एकाग्र असेल! हे माझ्या वाटेने मागे जाऊन घेऊन आले. पिठाच्या गिरणीपुढे पडली होती. दारातूनच म्हणाले, "गिरणीपासून इथपातूर एका पायानं उघडी आलीस आन कळलं न्हाई?"
कळण्यासारखं काय होतं त्यात, म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार.
महिला मंडळात ठरलं: भाद्रपद पौर्णिमेला ग्रंथवाचन झालं की मी मज्जासंस्थेवर पंधरा मिनिटं बोलायचं. तक्ता आहे, मॅट्रिक आहे, दुसरं कोण बोलणार?
मैत्रेयीचा फोन. हे फोन कायम स्पीकरवर ठेवतात. गोळी पूर्ण घेतेस का, चप्पल घालतेस का, विचारायली होती. दोन्हीला व्हय म्हटलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, थोडं मोडलं. पण तिची परीक्षा जवळ आहे, आणि चप्पल तर घालतेच की मी, कुठली ते तिने विचारलं नाही.
चालणं उद्यापासून नक्की.

६ सप्टेंबर, शनिवार.
भाषण पाठ. मुख्य मुद्दा प्रतिक्षिप्त क्रिया. गरम वस्तूला अंग लागलं की मेंदूची परवानगी घेत बसायला वेळ नसतो. मज्जारज्जू परस्पर हुकूम सोडतो, अंग मागे येतं, मेंदूला नंतर कळतं. मेणबत्तीवर बोट धरून दाखवणार.

७ सप्टेंबर, रविवार. भाद्रपद पौर्णिमा.
पंधराची चाळीस मिनिटं झाली. मला खुर्ची दिली होती. मेणबत्तीचा प्रयोग यशस्वी, बोट आपोआप मागे आलं, टाळ्या पडल्या. पायाचंही असंच, सांगत होते, पाय मालकाला न विचारता मागे येतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून चांगुणाबाई ओरडली, "अगं ए, मग तू कामून न्हाई काढायलीस? पातेल्याला लागलाय की पाय!"
खिरीचं पातेलं चुलीवरून उतरवून खुर्चीशेजारीच ठेवलं होतं. डावा पाय त्याला टेकला होता. किती वेळ, ठाऊक नाही. मी पाय सावकाश उचलून बाजूला ठेवला आणि पुढचं वाक्य घेतलं. सगळ्या बायका "साधु, साधु" म्हणाल्या. सुखदुःखात समता म्हणतात ती हीच.
चांगुणाबाई तेवढी म्हणाली नाही. घरी येईपर्यंत माझ्या पायाकडे बघत होती.

८ सप्टेंबर.
करंगळीवर फोड, बोराएवढा. दुखत नाही, म्हणजे वरवरचा. हळद लावली.

११ सप्टेंबर.
फोड फुटला. पट्टी विकत कशाला? जुनं पातळ फाडलं. वर मोजे. चांगुणाबाई म्हणाली, "भादव्यात मोजे? थंडी का लाज?" थंडी म्हटलं.
हजेरी घेतली नाही. वेळ नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार.
दोन दिवस घरात वास. उंदीर मेला असणार. कपाट सरकवलं, ज्वारीचं पोतं हलवलं. उंदीर नाही. हे बॅटरी घेऊन खाटेखाली वाकले. मी खाटेवर बसले होते. बॅटरी फिरत फिरत माझ्या मोज्याशी आली आणि थांबली.
त्यांनी मोजा काढला. मग लाईन तपासावी तसे गुडघ्यापासून बोटाने दाबत खाली आले. "इथं हाय का? इथं?" मी व्हय, व्हय म्हणत होते. घोट्याखाली आल्यावर मी गप्प झाले. त्यांनीही विचारायचं बंद केलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार. बिदर.
यांच्याशी डॉक्टर कन्नडमध्ये बोलले, माझ्याशी मराठीत. दहा दिवस आधी का आला नाहीत? म्हटलं, दुखलं नाही. "तेच तर, अक्का," म्हणाले. भाजलेलं बोटालाच कळलं नाही, तर मेंदूला कुठून कळणार, एवढं मला तक्त्यावरूनही कळायला हवं होतं. ६१ मार्क होते.
कापताना नर्सने विचारलं, दुखायलंय का? न्हाई म्हटलं. गेले दोन महिने हेच उत्तर मी मोठ्या तोऱ्यात देत आले. आज पहिल्यांदा वाटलं, दुखावं. थोडं तरी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घरी.
हजेरी. उजवा पाय: अंगठा हजर. दुसरं उशिरा. बाकी गैरहजर.
डावा पाय: अंगठा उशिरा. मधली तिघं गैरहजर. करंगळी, नाव कमी केलं.
मैत्रेयीला पत्र टाकलं, त्याची नक्कल:
"चि. मैत्रेयीस जय भीम. पुढचं फोनवर विचारता आलं नसतं, पप्पा स्पीकरवर ठेवतात. ते हल्ली तक्त्यापुढेच उभे असतात. तू पाठवलेली चप्पल खोक्यातून काढली, घरातही घालते. डावी जरा सैल होते. गोळी पूर्ण घेते, हे खरं आहे. चप्पल कुठली हे यापुढे विचारत जा.
आता एक सांग. उरलेल्या नऊ बोटांच्या लाईनी परत येतात का, का गेल्या त्या गेल्या? तुझ्या पुस्तकात छापलंय तेच लिही, मला बरं वाटावं म्हणून पदरचं घालू नकोस. दोन ओळी पुरे. उलट टपाली कळव."