वळणावरचा दुसरा गिअर

३ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच केराच्या डब्यात टाकलं नसशील, असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला आपलं वाजणार. म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान चालू आहे. लोकांचे डोळे बिघडायचे काही थांबत नाहीत, त्यामुळे चष्मे खपतात. हवा कोरडी आहे. तुझी वहिनी बरी आहे.

मुद्द्यावर येतो. गाडीच्या बाबतीत तुझं खरं होतं. एवढं एक वाक्य लिहिण्यापायी दोन कागद फाडले, तेव्हा त्याची किंमत ठेव. इंजिन काढून बसवलेली विजेची मोटर उत्तम आहे, बटण दाबलं की निघते, तेल गळत नाही, हात काळे होत नाहीत. पण तिला गाडी म्हणायला जीभ वळत नाही. 'फ्रीजला चाकं लावलीस' असं तू सगळ्यांसमोर म्हणालास तेव्हा मी चिडलो होतो. फ्रीज निदान गुरगुरतो तरी.

मला जुनं इंजिन परत हवं आहे.

तू ते टेम्पोत घालून नेलंस तेव्हा उचलायला मीच हात लावला होता, ब्याद गेली म्हणत. तुझ्या गाडीत ते बसवलंस असं कानावर आलं. आपण एकाच भंगारवाल्याकडून एकसारख्या दोन गाड्या उचलल्या, आणि थोरलेपणाच्या जोरावर धड होती ती मी ठेवून सांगाडा तुझ्या गळ्यात मारला, हे तू विसरलेला नाहीस, मीही नाही. आता तुझी पाळी. तारांची चाकं घे, दोन्ही कार्बोरेटर घे, मी शिवून घेतलेल्या चामड्याच्या सीटा घे. सगळी गाडीच घे म्हटलं असतं, पण इंजिन ठेवायला ती लागेल.

कारण विचारू नकोस. म्हातारचळ समज. पण लवकर कळव, बारक्या. अगदी लवकर.

तुझा,
दादा

१४ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी मिळाली. तिला पत्र म्हणवत नाही. एवढ्या ओळीत तर मी गिऱ्हाइकाला नंबर लिहून देतो. 'मोटर बसवताना पुढचा आडवा पट्टा तू कापलास, गिअरबॉक्सवरचा पत्रा कापलास. इंजिन ठेवणार कशावर? उशीवर?'

बरोबर आहे. तुझी चिठ्ठी यायच्या आधीच वेल्डरला बोलावून बसलो होतो. त्याने नवा पट्टा जोडला, ठोकला, पुन्हा जोडला. सांगाडाच एका अंगाला ओढला गेला. शेवटी त्याने हातमोजे काढले आणि म्हणाला, "काका, हे वजन झेपायचं नाही. पहिल्या खड्ड्यात इंजिन रस्त्यावर येईल. मी नाही पाप घेणार." तो गेल्यावर मी गॅरेजच्या फरशीवर बसून रडलो. हे वाचून तुला बरं वाटलं तर वाटू दे.

आता खरं कारण. तुझ्या वहिनीला विसरायला होतं.

चष्मा कुठे ठेवला, इतकंच विसरणं असतं तर तो माझा धंदाच आहे. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅस तसाच चालू, मग शेजारणीचं नाव. तुला कळवलं नाही. आई गेल्यावर तू हिच्या हातचं जेवून वाढलास. तू धावत आला असतास आणि हिने तुला 'कोण पाहिजे?' विचारलं असतं, तर ते बघायची माझ्यात ताकद नव्हती.

इंजिन मी मिरवायला काढलं असं तू समजतोस. मीही समजू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. झालं असं की गाडी पुलावर बंद पडली, नेहमीसारखी, तापून. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, आणि वर पाहतो तर तिची सीट रिकामी. पायताणं गाडीत, आणि ही अनवाणी, भरधाव गाड्यांच्या मधून चाललेली. एका ट्रकवाल्याने ट्रक आडवा घालून तिला हाताला धरून आणलं. बंद पडणारी गाडी आता दारात नको, असं तिथेच ठरवून टाकलं. सगळं तिच्यासाठीच केलं रे. आणि कापायला नको नेमकं तेच कापून बसलो.

दुकान बंद करून मी रोज उतारावरून यायचो, ते तुला माहीत आहे. वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून पाय उचलला की सायलेन्सरमधून दोनदा फटाक्यासारखा आवाज फुटायचा. शेजारी शिव्या द्यायचे आणि ही चहाचं आधण ठेवायची. नावं गेली, वार गेले, पण तो आवाज तिच्या डोक्यात पक्का होता. तो आला म्हणजे मी आलो. हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, ती मला तोंडावरून ओळखते.

नवी मोटर बसवून पहिल्यांदा घरी आलो. आवाज नाही, काही नाही. दारात उभा राहिलो तर म्हणाली, "बसा ना. हे येतीलच इतक्यात."

मला वाटलं, थट्टा करते आहे. आमच्यात थट्टेला तोटा कधीच नव्हता. मी विचारलं, "हे म्हणजे कोण?" तर लाजली, बारक्या. पदराशी चाळा करत खिडकीत जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती खिडकीत असते आणि मी तिच्या मागे खुर्चीत. पाहुण्यांच्या कपात मला चहा देते. मी जुन्या गाड्यांचा आवाज काढणारी पेटी आणून बसवली, पुढे दोन स्पीकर लावले, उतारावरून खाली आलो. बाहेर येऊन म्हणते कशी, "अहो, तो रेडिओ बंद करा. मला गाडी ऐकू यायची नाही."

दुकान चालू आहे असं लिहिलं होतं. ते हिवाळ्यातच बंद केलं. तिला सोडून जाणार कुठे?

माझं डोकं चालत नाही. इंजिन बसत नाही हे कळलं. आता तूच सांग काय करू. या गाडीतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हेही आज लिहून टाकतो.

तुझा,
दादा

२२ मार्च

चि. बारक्या,

तुझं पत्र मिळालं. घातलेल्या शिव्या पोचल्या, आणि सगळ्या लागू आहेत. 'मला परका केलास' हे मात्र तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा पुरे होतं.

रजा काढून रेल्वेने येतोस म्हणतोस, इंजिन उतरवून मागाहून पाठवतोस, गॅरेजमध्ये लोखंडी चौकटीवर ठेवून रोज सुरू करू म्हणतोस. चांगला आहे विचार, पण उपयोग नाही. तिला उभं इंजिन नको आहे. तिला लांबून येणारी गाडी हवी आहे. इंजिनाला हात लावू नकोस. तुझी गाडी आहे तशी घेऊन ये.

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. लिहिली की खरी होईल असं वाटत होतं. ती जेवत नाही.

'हे आले की आम्ही दोघं बसू' म्हणते आणि ताटं झाकून ठेवते. माझ्या हातचा घास घेत नाही. रागावत नाही, ओरडत नाही, ओरडली असती तर बरं. अदबीने म्हणते, "तुम्ही घ्या जेवून. तुम्हाला लांब जायचं असेल." शेजारीण दुपारी कपभर दूध पाजते, कधी एखादं बिस्कीट, तेवढ्यावर चाललं आहे. बोटातली अंगठी आपोआप गळून पडते, मी ती खिशात घेऊन फिरतो.

आणि दिवस मावळला की तिला माझी भीती वाटते. परवा म्हणाली, "घरात पुरुषमाणूस नाही. तुम्ही आता निघा." मी निघालो. काय वाद घालणार? मागे कडी लागली. मी माझ्याच गाडीत जाऊन बसलो आणि खिडकीकडे बघत राहिलो. ती रस्त्याकडे बघत होती, माझ्या डोक्यावरून.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे, या आठवड्यात पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. नळी ती उपसून काढणार, म्हणून हात खाटेला बांधायचे. हात बांधायचे, बारक्या. आयुष्यात तिने कुणाला ताटावरून उपाशी उठू दिलं नाही.

तर आता मी सांगतो तसं कर. हुकूम म्हणून नाही, तुझ्या पाया पडून सांगतो.

सोबतच्या पार्सलमध्ये माझा तपकिरी कोट आहे. तो घाल. पोटावर बटण लागणार नाही, उघडाच ठेव. तू माझ्यासारखा दिसतोस असं लोक म्हणायचे तेव्हा मला अपमान वाटायचा. आता बघतो तर तिच्या डोक्यात मी अजून तुझ्याच वयाचा आहे, आणि आरशातल्या माझ्यापेक्षा तूच जास्त मी आहेस.

शनिवारी दिवे लागायच्या आत ये. वरच्या नाक्यापासून तिसऱ्यात उतर. वळणावर दुसऱ्यात टाक आणि पाय पटकन उचल. दोनदा फुटला पाहिजे. नाही फुटला तर परत वर जा आणि पुन्हा ये. हॉर्न वाजवू नकोस, मी कधी वाजवला नाही. फाटकाशी आलास की लगेच बंद करू नकोस, क्षणभर घरघरू दे, तेवढ्यात ती दाराशी पोचते.

"उशीर केलात," म्हणेल. "हो, झाला," एवढंच म्हण. कारण देऊ नकोस. मी देत नसे, त्यावरून आमचं भांडण व्हायचं. भांडली तर भांडू दे, ती भांडली तर माझ्याकडून पेढे.

जेवायला तिच्यासमोर बस. आधी तू घास घे, मग ती घेते. सावकाश जेव, तुझ्या नेहमीच्या वेगाने जेवलास तर तिचा पहिला घास व्हायच्या आत तू हात धुवायला उठशील. तू उठलास की तीही उठणार. मीठ कमीजास्त असेल. स्वयंपाक मी केलेला असेल, पण ती म्हणेल, 'मी केला', तेव्हा छान झालाय म्हण. पुन्हा वाढू का विचारलं तर हो म्हण आणि तिलाही घे म्हण. तिला 'अगं' म्हण. मला माहीत आहे, तुझी जीभ रेटणार नाही. जन्मभर जिला वहिनी म्हणालास, जिने तुला शाळेत पाठवताना केस विंचरले, तिला 'अगं' कसं म्हणणार? पण म्हण.

कदाचित ती तुझा हात हातात घेईल. काढून घेऊ नकोस. मी तिचा नवरा सांगतो आहे, घेऊ दे. मला त्याचं काही वाटणार नाही. वाटेल. पण तू तिकडे बघू नकोस.

मला हेवा वाटतो तुझा, हेही आताच सांगून ठेवतो, म्हणजे शनिवारी माझ्या तोंडावर काही दिसलं तर तू घास घ्यायचं थांबणार नाहीस.

मी स्वयंपाकघरातच असेन. पोळ्या गरम वाढायला कोणीतरी लागेलच. हा माणूस कोण, असं तिने तुला विचारलं तर म्हण, शेजारचे आहेत, मदतीला आलेत. मी मान डोलवीन. आणि तुला सवय आहे म्हणून बजावतो, ती जेवते आहे तोवर चुकूनसुद्धा मला दादा म्हणून हाक मारू नकोस.

तुझाच,
दादा