आझुकीच्या पोटावरचे ठिपके

शिमाने, ८ डिसेंबर

चि. मिओरीस अनेक आशीर्वाद.

इकडे डोंगरावर पहिलं बर्फ पडून गेलं. मी बरा आहे. शेजारच्या फुमिए आजींनी मुळ्याचं लोणचं दिलंय, ते रोज भाताबरोबर खातो. तुझी परीक्षा कशी झाली? आईचा खोकला थांबला का?

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ होती, "बाबा, फोटोतला हा कोण आहे?" चार दिवस झाले, उत्तर लिहायला बसतो आणि मुळ्याचंच लिहितो.

मिओरी, तो आझुकी नाही. आझुकी ऑक्टोबरात गेला.

आईबरोबर ओसाकाला जाताना तू आझुकीच्या काचेच्या टाकीवर कागद चिकटवला होतास: खाणं उरलं, कातडी लोंबली, सारखा दगडावर येऊन बसला, तर मला लगेच फोन कर. तो दगडावर येऊन बसला. अळ्याही तशाच राहिल्या. पण मी पडलो शेतकऱ्याचा मुलगा. थंडी लागली की आमच्या खाचरातले इमोरी, आझुकीचे हे पाण्यातल्या पालीसारखे भाऊबंद, पाणी सोडून पाल्यात झोपायला शिरतात, हे लहानपणापासून बघत आलोय. मी खुशाल त्याला ओल्या शेवाळाचं अंथरूण करून दिलं. खोलीत शेगडी पेटलेली आहे, इथे कसली आलीय थंडी, हे डोक्यात शिरलंच नाही.

फुमिए आजी म्हणाल्या, "तात्सुजी, तुझी ही लाल पोटाची पाल झोपलेली नाही रे. शेपटी बघ, किती वाळलीय."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही आपले मुळे बघा."

दुसऱ्या दिवशी उचलला, तर मागच्या पायावर कापसासारखी बुरशी होती. सुटलेली कातडी बोटांना अडकली होती. तेव्हाही फोन केला नाही. संध्याकाळी तो गेला.

आईने सांगितलंय, पत्र महिन्याला एक, तेही आझुकीपुरतं. आझुकीच नाही म्हटल्यावर मी तुला काय लिहिणार? म्हणून दोन महिने "मजेत आहे, अळ्या फस्त करतो" असं लिहीत राहिलो. तू पोटाचा फोटो मागितलास, तेव्हा बांधावरचा पाला उकरून दुसराच आणला. लाल पोट, काळे ठिपके, कोणाला कळतंय, असं वाटलं.

दर रविवारी वहीत ते ठिपके काढणाऱ्या पोरीला मी फसवायला निघालो. मला फार लाज वाटते. त्या दुसऱ्याला परत पाल्यात सोडलं. आझुकीला जर्दाळूच्या झाडाखाली पुरलंय.

हे पत्र आईला दाखव. बाबाकडे आता लिहायला काही कारण उरलेलं नाही, तरी लिहिलं तर चालेल का, एवढं तिला विचार. ती नाही म्हणाली तर तिच्याशी भांडू नकोस. चूक माझी आहे, तुम्हा दोघींची नाही.

तुला अजून चालत असेल तर, तुझाच,
बाबा