मिनिटाला एकवीस थेंब

अल खौद, मस्कत

ती. आईस,
नमस्कार करते, पण रागातच. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. आज मात्र डोकं फिरलं. एका आजोबांचं हृदय अशक्त, म्हणून अर्ध्या लिटरची सलाईन आठ तासांत जाईल अशी, घड्याळ धरून, मिनिटाला एकवीस थेंबांवर लावली. परत येते तर त्यांच्या मुलाने नळीवरचं चाक फिरवून धारच सोडलेली! म्हणे, "यल्ला सिस्टर, चला लवकर, घरी जायचंय." कितीदा सांगायचं?

तेवढ्यात आपल्या केयूरचा फोन. तूही दवाखान्यात स्वतःच चाक फिरवलंस, भाजी टाकायची राहिली म्हणून! बीपी आहे ना तुला? धाप लागली होती का? खरं सांग.

पुढच्या वेळी केयूरला व्हिडिओ कॉल लावायला सांग. तुझे थेंब मी इथून मोजेन.

तुझीच,
पूर्वा